स्वल्पविरामही बदलणार नाही : मुद्रितशोधनाचा आपला इतिहास आणि आपली जबाबदारी

१४ एप्रिल, १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर. या तीन दिवसांत दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवर पुस्तकांची जेवढी विक्री होते, तेवढी दुसऱ्या कुठल्याही यात्रेत होत नाही. आपला माणूस वाटखर्च वाचवून पुस्तक घेतो, याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्याच मैदानात मान वर करून पाहिले तर फ्लेक्सवर 'बुध्द' दिसतो, 'पंचशिल' दिसते, आणि अभिवादनाच्या मोठ्या कमानीवर 'महापरिनिर्वाण दीन' असे लिहिलेले असते. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे लाचार. ज्या माणसाने आपले दैन्य संपवले, त्याच्याच स्मृतिदिनाला आपण 'दीन' करून टाकतो.

हे कोणी दाखवून दिले की दोन उत्तरे मिळतात. पहिले, "भावना समजून घ्या ना भाऊ." दुसरे, "शुद्धलेखन हे ब्राह्मणी थोतांड आहे, आम्ही ते का पाळायचे?" पहिले उत्तर आळसाचे आहे, ते बाजूला ठेवू. दुसऱ्या उत्तरात मात्र तथ्य आहे आणि गल्लतही आहे. त्या दोन्हींचा हिशेब इतिहास पाहूनच करावा लागेल.

शुद्धलेखन वेगळे, मुद्रितशोधन वेगळे

तथ्य काय आहे ते आधी मान्य करू. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली. १८७४ पासून 'निबंधमाला' काढणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या मुद्द्यांना उत्तर देण्याबरोबर त्यांच्या व्याकरणाची टिंगल केली. विचार खोडता येत नसला की माणसाचे ऱ्हस्वदीर्घ काढायचे, ही युक्ती तेव्हापासूनची आहे. ज्यांना हजारो वर्षे अक्षरच शिकू दिले नाही, त्यांनी लिहायला सुरुवात करताच 'तुमचे लेखन अशुद्ध' असे सांगण्यात आले. 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्दच मुळात जातीच्या कोठारातले आहेत. आज जे लेखननियम शाळेत शिकवतात, ते मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये १४ आणि १९७२ मध्ये आणखी ४, असे मिळून १८ झाले. ते माणसांनी ठरवलेले आहेत, आकाशातून पडलेले नाहीत. उद्या ते बदलूही शकतात.

आता गल्लत. मुद्रितशोधन म्हणजे शुद्धलेखन नव्हे. लेखकाने जे लिहिले तेच छापले गेले की नाही, हे तपासणे म्हणजे मुद्रितशोधन. त्यात निष्ठा लेखकाच्या शब्दाशी असते, व्याकरणाच्या पुस्तकाशी नव्हे. म्हणून चांगला मुद्रितशोधक बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या नावाचे 'जिणे आमुचे' करत नाही. तो नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'तला शब्द कोशात नाही म्हणून काढून टाकत नाही. उलट कोणी तसे करू लागला तर तो अडवतो. बोलीला प्रमाणभाषेचा सदरा चढवणे हा मुद्रितशोधकाचा अपराध आहे, आणि लेखकाचे 'भारत' छापखान्यात 'मारत' झाले असेल तर ते तसेच जाऊ देणे हाही अपराधच आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र पाळता येतात. आपल्या चळवळीने त्या पाळल्या आहेत.

खिळ्यांचा छापखाना आणि आपली पत्रे

१९०८ मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' काढले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. म्हणजे दुसऱ्याच्या छापखान्यात आपल्याला पैसे मोजूनही चार ओळींची जागा नव्हती. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९२८ मध्ये 'समता', १९३० मध्ये 'जनता' आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला 'प्रबुद्ध भारत', अशी ही परंपरा आहे. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकट्याने लिहून भरावे लागत. हाताखाली पगारी लेखक नव्हते. वकिली, अध्यापन, महाडचा सत्याग्रह आणि पत्राचा मजकूर, सगळे एकाच माणसाच्या डोक्यावर होते.

त्या काळची छपाई कशी चाले हे आजच्या मुलांना सांगायला हवे. शिशाचे एकेक अक्षर म्हणजे खिळा. जुळारी हस्तलिखित समोर ठेवून खाचांतून खिळे उचलत असे आणि उलट्या अक्षरांच्या ओळी जुळवत असे. देवनागरीत जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांटी, रफार धरून शेकडो खिळे लागत. एक खिळा चुकीच्या खाचेत पडला की 'ध' च्या जागी 'घ' आणि 'भ' च्या जागी 'म' येई. जुळवलेल्या मजकुराचा कच्चा छाप काढत, त्याला प्रूफ म्हणत. प्रूफ वाचून समासात खुणा करायच्या, जुळाऱ्याने खिळे बदलायचे, पुन्हा छाप काढायचा. एकदा फर्मा मशीनवर चढला की दुरुस्ती संपली. अंक वस्तीत गेला की जो एक वाचता येणारा असे तो मोठ्याने वाचे आणि बाकीचे भोवती बसून ऐकत. ऐकणाऱ्याला समोरचा कागद तपासता येत नव्हता. त्याच्यासाठी छापलेले तेच सत्य होते.

म्हणूनच स्वतःचा छापखाना असणे ही आपल्यासाठी साधी बाब नव्हती. 'भारत भूषण' आणि पुढे 'बुद्ध भूषण' हा छापखाना आपल्या शब्दाचा ताबा आपल्या हातात असल्याचा पुरावा होता. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले, तेव्हा त्यात बुद्ध भूषण प्रेसही गेली. लोक लाखोंनी रस्त्यावर आले, कारण त्या भिंतींमध्ये काय छापले गेले होते हे त्यांना ठाऊक होते.

एका स्वल्पविरामाची लढाई

१९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषण लिहून झाले. मंडळाच्या लोकांनी ते वाचले आणि ते हबकले. काही भाग गाळावा, 'वेद' हा शब्द काढावा, हिंदू धर्म सोडण्याचा उल्लेख नको, अशा सूचना सुरू झाल्या. २७ एप्रिल १९३६ च्या पत्रात बाबासाहेबांनी त्यांना स्पष्ट कळवले की आपण भाषणातला स्वल्पविरामही बदलणार नाही आणि आपल्या मजकुरावर कोणाची तपासणी चालू देणार नाही. परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी स्वखर्चाने १,५०० प्रती छापल्या. त्या दोन महिन्यांत संपल्या. तेच आपले 'जातिसंहार'.

या प्रसंगाची आठवण आपण ताठ कण्याचे उदाहरण म्हणून काढतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात आणखी एक धडा आहे. स्वल्पविराम बदलणार नाही असे तोच माणूस म्हणू शकतो, ज्याने प्रत्येक स्वल्पविराम विचारपूर्वक दिलेला असतो. ज्याचा मजकूर मुळातच कसातरी लिहिलेला असतो, त्याला तो कोणी बदलला तरी कळत नाही. मजकुरावरचा हक्क सांगायचा असेल तर त्यावर आधी कष्ट घ्यावे लागतात. आणि हे बाबासाहेब आपल्या पुस्तकात कधी काही सुधारतच नव्हते असेही नाही. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती काढताना त्यांनी गांधींची 'हरिजन'मधली टीका आणि तिला दिलेले स्वतःचे उत्तर त्यात जोडले. दुसऱ्याच्या दबावाने गाळणे वेगळे, आणि स्वतः विचार करून भर घालणे वेगळे.

संविधान : क्रमांक बदलले, अर्थ बदलू दिला नाही

घटना सल्लागारांच्या मूळ मसुद्यात २४३ कलमे होती. मसुदा समितीच्या पहिल्या मसुद्यात ती ३१५ झाली. चर्चेअंती ३८६ आणि शेवटी ३९५. घटना समितीकडे सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. आता मुद्रितशोधकाच्या नजरेने याकडे पाहा. एक कलम मध्ये घुसले की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात. 'अमुक कलमाच्या अधीन राहून' असे जिथे जिथे लिहिले आहे तिथे तिथे तो आकडा बदलावा लागतो. एक जागा सुटली तर उद्या न्यायालयात त्याच्यावर वाद. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मसुद्यात ११ वे होते, अंतिम संविधानात ते १७ वे झाले. मूलभूत हक्कांसाठी सर्वोच्च न्यायालयात जाण्याचे कलम मसुद्यात २५ वे होते, ते ३२ वे झाले.

दुसरे वाचन संपल्यावर कलमांना नवे क्रमांक देणे, विरामचिन्हे तपासणे आणि समासातील टिपा पूर्ण करणे हे काम रीतसर मसुदा समितीकडे सोपवले गेले होते. म्हणजे देशाच्या घटनेचे मुद्रितशोधन हा घटनानिर्मितीचाच एक अधिकृत टप्पा होता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बी. एन. राव आणि मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना श्रेय दिले, कार्यालयातील कर्मचारी मध्यरात्रीनंतरही राबले याची नोंद केली. ज्यांनी अक्षरे सांभाळली त्यांची नावे आणि कष्ट सभागृहात सांगणे, हा त्यांचा मोठेपणा होता. आपण आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची चार पाने छापतो, पण ज्याने रात्रभर बसून प्रूफ तपासले त्याचे नाव कुठेच नसते.

एका शब्दाची किंमत

ज्यांना अजूनही वाटते की एखाद्या शब्दाने काय होते, त्यांनी १९५० चा अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश काढून वाचावा. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात कोणता धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाईल हे लिहिले आहे. आधी तिथे 'हिंदू' होता. १९५६ मध्ये 'शीख' हा शब्द आला. त्याच वर्षी नागपुरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली आणि 'बौद्ध' हा शब्द त्या ओळीत नव्हता म्हणून केंद्राच्या सवलतींना मुकले. महाराष्ट्राने १९६० नंतर राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या ओळीत तो शब्द यायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे. एका पिढीच्या नोकऱ्या आणि शिष्यवृत्त्या त्या न छापलेल्या शब्दात अडकल्या होत्या. ती छपाईची चूक नव्हती, तो राजकीय निर्णय होता, हे आम्हाला माहीत आहे. पण ओळ वाचणारा आणि त्या ओळीत काय नाही हे बोट ठेवून दाखवणारा कार्यकर्ता असल्याशिवाय अशी लढाई उभीच राहत नाही.

दुसरे उदाहरण गोवारी बांधवांचे. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' असे एकत्र लिहिलेले आहे. ही एकच जमात, की मध्ये स्वल्पविराम हवा होता आणि 'गोवारी' वेगळी, यावर सगळा वाद. २३ नोव्हेंबर १९९४ ला हा हक्क मागण्यासाठी नागपूरच्या विधानभवनावर मोर्चा आला आणि चेंगराचेंगरीत ११४ गोवारींचा जीव गेला. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. न्यायालयांनी काय म्हटले यावर वेगळे लिहिता येईल. पण दोन शब्दांच्या मधल्या जागेसाठी माणसे मेली आहेत, एवढे लक्षात ठेवून पुढच्या वेळी 'भावना समजून घ्या' म्हणावे.

शेवटच्या रात्रीचे कागद

५ डिसेंबर १९५६. दिल्ली, २६ अलीपूर रोड. प्रकृती पार ढासळलेली. त्या रात्री बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे आणि परिचयाचे टंकलेले कागद आपल्या उशाशी ठेवायला नानकचंद रत्तू यांना सांगितले, त्यांवर नजर फिरवण्यासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्यात नव्हते. ज्या माणसाने आयुष्यात एवढे लिहिले, त्याचे शेवटचे काम आपलाच मजकूर पुन्हा तपासण्याचे होते.

पुढे काय झाले तेही माहीत हवे. १९५७ मध्ये ग्रंथ निघाला, पण ती प्रस्तावना त्यात छापली गेली नाही. पुढे भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली, तेव्हा ती लोकांपर्यंत पोहोचली. या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना भदंत आनंद कौसल्यायन यांनी पाली साहित्यातले मूळ संदर्भ एकेक करून शोधले. १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने काढली, त्यासाठी वसंत मून यांनी सुटे, टंकलेले, हाताने दुरुस्त केलेले कागद लावून घेतले. 'रिडल्स'च्या खंडावर १९८७-८८ मध्ये वादळ उठले, राम-कृष्णांवरचे परिशिष्ट काढा म्हणून मोर्चे निघाले. आपली जनता त्याहून मोठ्या संख्येने रस्त्यावर आली आणि परिशिष्ट राहिले. लाहोरला एकट्याने जे केले, तेच इथे लाखोंनी केले. हा सगळा मूळ मजकूर सांभाळण्याचा इतिहास आहे, आणि त्याचे वारस आपण आहोत.

मग आपण काय करायचे?

आमच्या कामातून आणि या इतिहासातून जे हाती लागले ते सांगतो.

एक, मूळ प्रत समोर ठेवल्याशिवाय प्रूफ वाचू नका. दोघांनी बसावे. एकाने मूळ मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने छापील मजकुरावर बोट फिरवावे. नुसत्या डोळ्यांनी वाचताना मेंदू चुकीचा शब्दही बरोबर करून घेतो आणि गळलेली ओळ कळत नाही. मोठ्याने वाचणे ही तर आपल्या वस्तीची जुनीच रीत आहे.

दोन, नावे, तारखा आणि आकडे यांच्यासाठी स्वतंत्र फेरी ठेवा. त्या फेरीत अर्थ वाचायचाच नाही. महाड सत्याग्रह २० मार्च १९२७, मनुस्मृती दहन २५ डिसेंबर १९२७, काळाराम सत्याग्रह २ मार्च १९३०, येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५. यांतला एक आकडा हलला की विरोधक उरलेल्या सगळ्या लेखावर शंका घेतो.

तीन, द्ध आणि ट्ठ शिकून घ्या. नियम सोपा आहे : जोडाक्षरात आधी हलका वर्ण, मग त्याच वर्गातला जड. द् ला ध जोडला की 'द्ध'. म्हणून बुद्ध, बौद्ध, सिद्धार्थ, प्रबुद्ध. 'ध्द' कुठेच नाही. तसेच 'भिख्खू' नव्हे, 'भिक्खू'. पाचव्या शीलात 'पमादठ्ठाना' नव्हे, 'पमादट्ठाना'. अष्टांगिक मार्ग पालीत 'अट्ठंगिक'. लहान मुले वंदना पुस्तिकेतूनच पाठ करतात. तिथे चुकले तर एक पिढी चुकीचे म्हणते.

चार, आपल्या शब्दांची एक यादी करा आणि ती डीटीपीवाल्याच्या टेबलावर चिकटवा. मूकनायक (मुकनायक नव्हे), दीनबंधू, पंचशील, महापरिनिर्वाण, आंबेडकर. 'धम्म' आणि 'धर्म' हे दोन्ही शब्द बाबासाहेब वेगवेगळ्या अर्थाने वापरतात. संगणकावर एका झटक्यात 'धर्म'चा 'धम्म' करू नका, 'धर्मांतर'ही बिघडेल आणि विचारही.

पाच, बाबासाहेबांच्या नावाने आलेले वाक्य खंड आणि पान सापडल्याशिवाय छापू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते म्हणून ते त्यांचे होत नाही. आपली सर्वांत लाडकी तीन शब्दांची घोषणाच बघा. इंग्रजीत तिचा क्रम शिक्षण, मग चेतवणे, मग संघटन असा आहे. मराठीत आपण संघटन मधे आणले आणि चेतवण्याचा संघर्ष केला. यात बरोबर काय यावर वाद घालू या, पण क्रम बदलला आहे हे माहीत असून घालू या.

सहा, जुन्या खंडांच्या पीडीएफमधून मजकूर उचलला किंवा जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणला, तर तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचा. जुळाऱ्याच्या खिळ्यांची गल्लत आता यंत्र करते : 'ख' चे 'रव', 'ष' चे 'प', 'भीम' चे 'मीम'.

सात, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. दुसऱ्याची चूक दाखवताना चिपळूणकर होऊ नका. गावातल्या एखाद्या ताईने पहिल्यांदा लेख लिहून पाठवला आणि त्यात ऱ्हस्वदीर्घ चुकले असतील, तर तिला हसणारा माणूस आपला नव्हे. तिचा शब्द तिचाच ठेवून, तिला विचारून, छापण्याआधी प्रूफ तिच्या हातात देणारा माणूस आपला.

हे कौशल्य केवळ स्मरणिकेपुरते नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनावातले एक अक्षर वेगळे पडले की जात पडताळणीत मुलगा अडकतो, प्रवेशाची तारीख निघून जाते. जनगणनेच्या तक्त्यात धर्माच्या रकान्यात काय लिहिले गेले हे सही करण्याआधी वाचले नाही, तर आपण मोजलेच जात नाही. १९५१ च्या जनगणनेत देशात बौद्ध होते सुमारे १ लाख ८० हजार, १९६१ मध्ये सुमारे साडेबत्तीस लाख. हा फरक दीक्षेने घडवला, आणि तो कागदावर आला कारण लोकांनी रकाना नीट भरून घेतला.

तेव्हा पुढच्या जयंतीची वर्गणी काढताना डीजेच्या बजेटआधी दोन नावे ठरवा. प्रत्येक विहारात, प्रत्येक मंडळात दोन मुद्रितशोधक : एक मुलगा, एक मुलगी. फ्लेक्सपासून स्मरणिकेपर्यंत एकही ओळ त्यांच्या सहीशिवाय छापखान्यात जाणार नाही असा ठराव करा. आणि स्मरणिकेच्या पहिल्या पानावर त्यांची नावे छापा.

जय भीम!